कंपन्यांच्या कर्जरोख्यांवरून अर्थव्यवस्थेची नाडी कशी बघायची

२१ सप्टेंबर २०१८, शुक्रवार. एका म्युच्युअल फंडाने डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे सुमारे ३०० कोटींचे कमर्शियल पेपर, म्हणजे वर्षाच्या आत फेडायच्या उसनवारीचे कागद, बाजारात विकले. सर्वोच्च मानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेचा दर्जा) असलेल्या कंपनीचा कागद, तरी तो खपवायला घेणाऱ्याला ११ टक्क्यांच्या आसपास परतावा द्यावा लागला. बातमी पसरली आणि कंपनीचा शेअर त्या एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त पडला. त्या दिवसापर्यंत कंपनीने कुणाचाही हप्ता चुकवलेला नव्हता. तो चुकला जून २०१९ मध्ये, साडेआठ महिन्यांनी.

ते साडेआठ महिने ज्यांना दिसले ते सावध झाले. आमच्या घरात ते दिसले नाहीत. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून एका वित्त कंपनीचे एनसीडी, म्हणजे कर्जरोखे, घेतले होते. बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा दोन टक्के जास्त व्याज होतं आणि कागदावर मानांकन झकास होतं. ते दोन टक्के कशाचे मिळतात हे आम्ही कुणीच विचारलं नाही. पुढे मुद्दल तुकड्यातुकड्याने आलं आणि पूर्ण आलंच नाही. तेव्हापासून मी हा बाजार नेमाने बघते. तो बघायला शिकल्यावर समजलं की त्यात एका कंपनीपेक्षा खूप जास्त काही दिसतं. कारखाने, बांधकाम, गाड्यांची विक्री, हप्त्यावर घेतलेला ट्रॅक्टर, या सगळ्याला लागणारा पैसा कुठे मोकळा वाहतोय आणि कुठे अडलाय, ते दिसतं.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. एक वही, आठवड्याला अर्धा तास आणि टक्केवारीचं शाळेतलं गणित पुरे.

पहिली पायरी: व्याज आणि यील्ड यांची गल्लत सोडवा

कंपनीला पैसा हवा असेल तर तीन दारं असतात. बँकेकडून कर्ज, शेअर विकून भांडवल, नाहीतर बाजारातून थेट उसनवारी. या तिसऱ्या दाराचा कागद म्हणजे कर्जरोखा. मुदत वर्षाच्या वर असेल तर डिबेंचर किंवा बाँड, वर्षाच्या आतली असेल तर कमर्शियल पेपर. रोख्यावर जे ठरलेलं व्याज छापलेलं असतं ते कूपन. ते सहसा बदलत नाही. बदलते ती रोख्याची बाजारातली किंमत.

समजा, १,००० रुपये दर्शनी किमतीचा, ८ टक्के कूपनचा रोखा आहे आणि त्याचं एकच वर्ष उरलंय. वर्षअखेर मालकाला १,०८० रुपये मिळणार. कंपनीबद्दल कुजबुज सुरू झाली आणि कुणीतरी घाबरून तो ९५० रुपयांना विकला. घेणाऱ्याने ९५० घातले आणि त्याला १,०८० मिळणार. म्हणजे १३० रुपये नफा, जवळजवळ १३.७ टक्के. हेच यील्ड. कंपनीने दर बदललेला नाही, कागदावर ८ च छापलेत, पण आज हीच कंपनी नवीन कर्ज काढायला गेली तर तिला १३-१४ टक्क्यांच्या खाली कुणी दारात उभं करणार नाही.

हे एक उदाहरण हाताने दोनदा सोडवा. किंमत खाली आली की यील्ड वर जातं, हे बोटांना कळलं पाहिजे. पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

दुसरी पायरी: नुसता दर बघू नका, फरक बघा

नवखा माणूस इथेच चुकतो. "कंपन्यांचे व्याजदर वाढले, म्हणजे अर्थव्यवस्था बिघडली" असं तो लिहून मोकळा होतो. पण दर वाढण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसना पैसा देते तो, वाढवला की सगळ्यांचंच कर्ज महाग होतं. त्यात कंपनीचा दोष नसतो.

दोन्ही वेगळ्या करायला सरकारी रोख्याची पट्टी लावायची. भारत सरकार रुपयातलं कर्ज बुडवेल असं कुणी धरत नाही, म्हणून तेवढ्याच मुदतीच्या सरकारी रोख्याचं यील्ड हा पाया. कंपनीच्या रोख्याचं यील्ड त्याच्या वर जितकं असेल तितका धोक्याचा आणि अडचणीच्या वेळी विकता न येण्याचा मोबदला. या फरकाला बाजारात स्प्रेड म्हणतात. तो आधारबिंदूंत मोजतात. १०० आधारबिंदू म्हणजे एक टक्का.

समजा, तीन वर्षांचा सरकारी रोखा ६.५ टक्क्यांवर आहे आणि ट्रिपल ए, म्हणजे सर्वोच्च मानांकनाच्या, कंपनीचा ७.२ वर. स्प्रेड ७० आधारबिंदू. सहा महिन्यांनी सरकारी ७.५ आणि कंपनीचा ८.२ झाला, तर दोन्ही एक टक्का चढले, स्प्रेड तेवढाच राहिला. पैसा महाग झालाय, पण विश्वास शाबूत आहे. याउलट सरकारी ६.५ वरच राहिला आणि कंपनीचा ८.२ झाला, तर स्प्रेड ७० वरून १७०. तिथे थांबून विचार करायचा.

मुदत जुळवायला विसरू नका. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याशी तीन वर्षांच्या कंपनीच्या रोख्याची तुलना म्हणजे आंबे आणि फणस एकाच तराजूत.

शेअर बाजार सोडून इकडे का बघायचं, असं पुष्कळ जण विचारतात. शेअरवाल्याला कंपनी दुप्पट झाली तर दुप्पट मिळतं, म्हणून तो चांगल्या शक्यतेकडे बघतो. कर्ज देणाऱ्याला कंपनी दहापट मोठी झाली तरी ठरलेलं व्याज आणि मुद्दलच मिळणार. त्याला मिळवण्यासारखं थोडं आणि गमावण्यासारखं सगळं. त्यामुळे काय बिघडू शकतं, याची चौकशी तो जास्त बारकाईने करतो.

तिसरी पायरी: आकडे कुठे मिळतात आणि वहीत काय लिहायचं

रिझर्व्ह बँकेचं मासिक बुलेटिन फुकट आहे. त्यातल्या अर्थस्थितीच्या लेखात एक छोटा तक्ता असतो: ट्रिपल ए, त्याखालचं डबल ए आणि बरंच खालचं ट्रिपल बी मायनस या मानांकनांच्या रोख्यांची यील्ड आणि सरकारी रोख्यांवरचा फरक, आधीच्या महिन्याशी ताडून. सुरुवात याच तक्त्यापासून करा. बाजार नियामक सेबीच्या संकेतस्थळावर दर महिन्याला किती रोखे निघाले आणि किती अजून फेडायचे आहेत याची आकडेवारी असते. एनएसई आणि बीएसई रोजचे कंपनी रोख्यांचे व्यवहार देतात.

आणखी एक जागा आहे, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. म्युच्युअल फंडांच्या कर्जयोजना, म्हणजे कर्जरोख्यांत पैसा गुंतवणाऱ्या योजना, आपला पोर्टफोलिओ वेळोवेळी जाहीर करतात आणि त्यात प्रत्येक कागदासमोर त्याचं यील्ड लिहिलेलं असतं. एखाद्या क्रेडिट रिस्क फंडाची, म्हणजे कमी मानांकनाचे कागद घेणाऱ्या योजनेची, फाइल उघडा. नावं ओळखीची निघतील: बांधकाम कंपन्या, रुग्णालयं, छोट्या वित्त कंपन्या. कुणाच्या नावापुढे ८ टक्के, कुणाच्या पुढे ११. तीन महिन्यांच्या फाइली शेजारी शेजारी ठेवल्या की कोणाचा आकडा सरकलाय ते आपोआप डोळ्यांत भरतं. मला तर एखाद्या अहवालापेक्षा या फाइली जास्त बोलक्या वाटतात.

वहीत पाच रकाने पाडा. तारीख, तीन वर्षांचं सरकारी यील्ड, ट्रिपल ए चा स्प्रेड, डबल ए चा स्प्रेड, आणि तीन महिन्यांच्या कमर्शियल पेपरचा दर. शेवटी शेऱ्यासाठी मोकळी जागा. महिन्यातून एकदा लिहिलं तरी चालेल, पण खाडा नको. एका महिन्याच्या आकड्याला काहीच अर्थ नसतो, बारा महिन्यांच्या ओळीला असतो.

एक सावधगिरी. ट्रिपल बी मायनसचा आकडा वर्षानुवर्षं दोन आकडी आणि जवळजवळ स्थिर दिसेल. त्यावर फार विसंबू नका. भारतात त्या दर्जाच्या रोख्यांचे व्यवहार इतके तुरळक होतात की तो दर बहुतांशी मूल्यांकनाच्या तक्त्यावरून काढलेला असतो. डबल ए चा आकडा जास्त जिवंत आहे.

चौथी पायरी: छोट्या मुदतीच्या कागदावर जास्तीत जास्त लक्ष

इथे सावकाश वाचा. आपल्याकडचं संकट सहसा याच दारातून येतं.

आयएल अँड एफएस हा पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारा समूह, मुख्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात. जुलै २०१८ पर्यंत त्याचं मानांकन ट्रिपल ए होतं. १७ सप्टेंबरला ते डी झालं. डी म्हणजे हप्ता थकला. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून सगळ्यात खालच्या पायरीवर दोन महिन्यांच्या आत. समूहावर ९० हजार कोटींच्या वर कर्ज होतं आणि त्यात बँका, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी सगळ्यांचे पैसे अडकले. १ ऑक्टोबरला केंद्र सरकारने कंपनी कायदा लवादाकडून संचालक मंडळ बरखास्त करवून नवं नेमलं.

पण अर्थव्यवस्थेला धक्का बसला तो त्या एका समूहामुळे नव्हे. गैरबँक वित्त कंपन्या, ज्यांना आपण एनबीएफसी म्हणतो, तीन महिन्यांचा कमर्शियल पेपर काढून म्युच्युअल फंडांकडून पैसा घेत होत्या आणि तोच पैसा पाच वर्षांच्या गाडीकर्जाला, पंधरा-वीस वर्षांच्या घरकर्जाला, बिल्डरच्या अर्धवट इमारतीला देत होत्या. दर तीन महिन्यांनी जुना पेपर फेडायचा आणि नवा काढायचा. वीस वर्षांच्या घराचा पाया तीन महिन्यांच्या उसनवारीवर. सगळं सुरळीत असतं तोवर हे स्वस्त पडतं. ज्या दिवशी म्युच्युअल फंड म्हणतो "या वेळी नवा पेपर नको, पैसे परत द्या," त्या दिवशी नवं कर्ज वाटणं थांबतं, मग ती कंपनी कितीही प्रामाणिक असो.

ते थांबलं. शोरूममध्ये गाडी होती, घेणारा होता, हप्ता बांधून देणारा मागे सरला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवासी वाहनांची घाऊक विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३१.५७ टक्क्यांनी घसरली, उद्योग संघटनेने १९९७-९८ पासून नोंदी ठेवायला सुरुवात केल्यानंतरची ती सगळ्यात मोठी घसरण. विम्याचे बदललेले नियम, येऊ घातलेली बीएस-६ प्रदूषण मानकं, ग्रामीण भागातली मंदावलेली मागणी ही कारणंही होती. सगळं खापर रोख्यांवर फोडणं चूक ठरेल. पण ३० ऑगस्ट २०१९ ला एप्रिल-जून तिमाहीचा विकासदर ५ टक्के जाहीर झाला, सहा वर्षांतला नीचांक, तेव्हा टीव्हीवर सगळे चकित झालेले दिसत होते आणि कमर्शियल पेपरचे दर जवळजवळ वर्षभर आधी ओरडून गेले होते.

म्हणून वहीतला पाचवा रकाना. तीन महिन्यांच्या कमर्शियल पेपरचा दर तेवढ्याच मुदतीच्या ट्रेझरी बिलाच्या, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या कागदाच्या, वर किती आहे ते बघा. त्यातही कारखानदार कंपनीचा पेपर आणि वित्त कंपनीचा पेपर वेगवेगळे लिहा. मार्चअखेरीस हा फरक दरवर्षी थोडा फुगतो, कारण वर्षाचा हिशेब मिटवायला सगळ्यांनाच रोकड लागते. तो एप्रिलमध्ये उतरला तर काळजी नाही. उतरला नाही, तर शेऱ्याच्या रकान्यात लाल पेन.

पाचवी पायरी: मानांकनाला उशिरा येणारा साक्षीदार समजा

क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज अशा संस्था मानांकन देतात. वरचं उदाहरण वाचल्यावर कुणी विचारेल, मग ते बघायचं तरी कशाला? एका कंपनीच्या मानांकनावर डोळे झाकून पैसे लावायला नाहीच. पण देशभरातल्या हजारो मानांकनांचा कल उपयोगी असतो. सहा महिन्यांत किती कंपन्यांचं मानांकन वाढलं आणि किती जणांचं उतरलं, याचं गुणोत्तर या संस्था एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये जाहीर करतात. एकाच्या वर असेल तर चढणारे जास्त, खाली असेल तर घसरणारे जास्त. बातमीतला नुसता आकडा घेऊ नका, कुठल्या उद्योगात घसरण झाली तो परिच्छेद वाचा. कापड, निर्यातीची रसायनं, हिरे अशी नावं एकत्र दिसली, तर परदेशातली मागणी आटली असण्याची शक्यता जास्त.

सहावी पायरी: भरपूर रोखे निघाले म्हणजे तब्येत चांगली, असं समजू नका

ही चूक मी स्वतः केली आहे. २०२०-२१ हे वर्ष आठवा. टाळेबंदीने अर्थव्यवस्था आकसली, आणि त्याच वर्षी कंपन्यांनी साडेसात लाख कोटींहून जास्त रकमेचे रोखे विकले, तोवरचा उच्चांक. आकडा बघून वाटावं की सगळं छान चाललंय.

झालं होतं असं. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाऊण टक्क्याने कमी करून ४.४ वर आणला आणि बँकांना एक लाख कोटी रुपये दिले, याच अटीवर की ते कंपन्यांच्या कागदात गुंतवायचे. बँकांनी ते पैसे मोठ्या, ट्रिपल ए मानांकनाच्या, बऱ्याचशा सरकारी कंपन्यांकडे नेले. त्यांना पैसा आधीच मिळत होता, आता स्वस्तात मिळाला. मग रिझर्व्ह बँकेने छोट्या आणि मध्यम वित्त कंपन्यांपर्यंत पैसा पोचावा म्हणून दुसरी फेरी काढली. २३ एप्रिलच्या लिलावात २५ हजार कोटी देऊ केले होते, बँकांनी मागितले १२,८५० कोटी. फुकटच्या जवळ जाणारा पैसा समोर ठेवला आणि निम्मा कुणी उचललाच नाही.

त्याच दिवशी रात्री फ्रँकलिन टेंपलटन या म्युच्युअल फंड कंपनीने आपल्या सहा कर्जयोजना बंद केल्या. त्यात २५ हजार कोटींच्या वर लोकांचे पैसे होते, आणि त्या योजनांची खासियतच होती डबल ए आणि त्याखालचे कागद घेण्याची. विकायला गेलं तर घेणारा नाही. चार दिवसांनी रिझर्व्ह बँकेला म्युच्युअल फंडांसाठी ५० हजार कोटींची खिडकी उघडावी लागली.

म्हणून एकूण रकमेपेक्षा तिची वाटणी विचारा. त्यातले किती ट्रिपल ए, किती डबल ए आणि खालचे? किती सरकारी कंपन्या आणि बँका, किती खासगी कारखानदार? पैसा जुनं कर्ज फेडायला घेतलाय की नवा प्रकल्प उभारायला? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर रोख्याच्या माहितीपत्रकात "निधीचा विनियोग" या मथळ्याखाली सापडतं. चांगल्या काळात ट्रिपल ए आणि डबल ए यांच्यातलं अंतर कमी होत जातं, कारण सावकार शिडीवरून खाली उतरायला तयार असतो. वाईट काळात तो वरच्या पायरीला चिकटून बसतो आणि खालचे कोरडे राहतात. माझ्या मते आपल्याकडे बघण्यासारखा एकच आकडा निवडायचा तर तो हाच, दोन मानांकनांमधलं अंतर.

अमेरिकेत हेच काम कमी मानांकनाच्या रोख्यांचा स्प्रेड करतो, आणि तो तिथल्या सेंट लुई फेडरल रिझर्व्हच्या फ्रेड या संकेतस्थळावर रोज फुकट दिसतो. लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक १५ सप्टेंबर २००८ ला बुडाली, त्या वर्षाच्या डिसेंबरात हा स्प्रेड २० टक्क्यांच्या वर होता. मार्च २०२० मध्ये तो ११ च्या जवळ पोचला आणि फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, २३ मार्चला कंपन्यांचे रोखे घेण्याची घोषणा करताच उतरायला लागला, एकही रोखा प्रत्यक्ष विकत घेण्याआधी. तिथला आलेख दहा मिनिटं न्याहाळा. तिथे खालच्या दर्जाचे रोखे रोज हातोहात विकले जातात, म्हणून भीती लगेच आकड्यात उतरते.

सातवी पायरी: या आरशात कोण दिसत नाही ते ध्यानात ठेवा

भारतात कंपनी रोख्यांची फेडायची बाकी रक्कम आज ५० लाख कोटींच्या वर आहे. आकडा मोठा वाटतो, पण राष्ट्रीय उत्पन्नाशी ताडला तर सहावा-सातवा हिस्सा. जवळजवळ सगळे रोखे खासगीरीत्या, मोजक्या संस्थांना विकले जातात आणि त्यात मोठा वाटा वित्त कंपन्यांचा आणि सरकारी कंपन्यांचा असतो. किरकोळ गुंतवणूकदारासाठी सेबीने खासगी रोख्याची किमान दर्शनी किंमत १० लाखांवरून १ लाख आणि २०२४ मध्ये १० हजारांवर आणली, तरी बाजाराचा चेहरा अजून संस्थांचाच आहे.

इचलकरंजीचा यंत्रमागवाला कर्जरोखे काढत नाही. चाकणचा सुटे भाग बनवणारा काढत नाही. ते बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे लागेल तसं उचलायच्या कर्जावर, आणि एकमेकांच्या उधारीवर चालतात. ट्रिपल ए चा स्प्रेड कमी असताना त्यांचा धंदा आजारी असू शकतो, कारण मोठी कंपनी स्वस्तात पैसा उचलते आणि तरीही छोट्याचं बिल लटकवून ठेवते. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचा कायदा आहे. प्रत्यक्षात बिल किती दिवसांनी सुटतं हे रोखे बाजार सांगणार नाही.

त्यासाठी वहीच्या उजव्या पानावर आणखी एक रकाना पाडा. रिझर्व्ह बँक दर महिन्याच्या शेवटी बँकांनी कुठल्या क्षेत्राला किती कर्ज दिलं याचा तक्ता देते. त्यातली सूक्ष्म व लघुउद्योगांची ओळ तिथे उतरवा. आणि ओळखीत कुणी पुरवठादार असेल तर त्याला चहाला बोलावून विचारा, "तुमचं बिल हल्ली किती दिवसांनी निघतं?" मी दर तिमाहीला पुण्यातल्या तिघांना विचारते. उत्तर दिवसांत लिहून ठेवते: ६०, ७५, ९०.